सिनसिनीचे जाट आणि आपलं पानिपत

आमच्या मंगरुळपीरकडे गहू काढायला हार्वेस्टर येतो, त्यावरचा चालक भरतपूरकडचा जाट आहे. गोत्र सिनसिनवार. धुऱ्यावर जेवता जेवता त्यानं भरतपूरचा जाट राजा सुरजमल याचं नाव घेतलं आणि आमचे आबाजी भाकर हातात धरून ऐकतच राहिले. मी मग वाचायला बसलो.

या कुळाचं मूळ गाव सिनसिनी, राजस्थानात डीगजवळ. वंश ते यदुकुळाचा, थेट कृष्णाचा सांगतात, ती श्रद्धा. कागदावरचा इतिहासही भारीच आहे. औरंगजेबाच्या काळात हे शेतकरी-जमीनदार मोगलांविरुद्ध उठले. त्यांचा पुढारी राजाराम (आपले छत्रपती राजाराम नव्हेत) यानं आग्र्याजवळ सिकंदऱ्याची अकबराची कबर लुटली. १६८८ साली तो लढाईत पडला. पुढं चुडामण, बदनसिंह, मग सुरजमल.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते १७६१. पानिपताआधी सुरजमल भाऊसाहेबांची साथ सोडून परतला, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकवतो. पण हरल्यावर उपाशी, उघडी, जखमी माणसं त्याच्याच मुलखात पोचली. त्यानं अन्न दिलं, कपडे दिले, औषधपाणी केलं. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेर बहाद्दर जखमी होता, त्यानं डीगलाच प्राण सोडला. हे आपल्या पोरांना ठळक सांगायलाच पाहिजे! दोष तेवढा लक्षात ठेवायचा अन् उपकार विसरायचा, हे बरोबर नाही.

पुढं यशवंतराव होळकर भरतपूरच्या आसऱ्याला गेले, म्हणून इंग्रज सेनापती लॉर्ड लेकनं १८०५ मध्ये तिथल्या किल्ल्याला वेढा घातला. चार हल्ले केले. तोफगोळे त्या जाड मातीच्या तटात रुतून बसायचे. किल्ला पडला नाही, शेवटी तहच करावा लागला.