पाच वॉटच्या ॲम्पला दोन वर्षं छळलं त्याची गोष्ट

स्वतः बांधलेला गिटारचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) पहिल्यांदा चालू केला तेव्हा गिटार जोडायच्या आधीच तो बोंबलायला लागला. साधा हम नाही, कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तसा कर्कश आवाज, आणि मी घाबरून व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी ढिम्म फरक नाही. खरं तर उत्तर तिथेच मिळालेलं होतं, पण ते डोक्यात शिरायला मला अख्खी संध्याकाळ लागली.

सर्किट म्हणाल तर अगदी प्राथमिक. फेंडरचा १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातला चॅम्प, ५एफ१ नावाने ओळखतात तो. तीन काचेच्या ट्यूब: गिटारचा सिग्नल वाढवणारी एक १२एएक्स७, स्पीकरला ताकद देणारी एक ६व्ही६, एसीचं डीसी करणारी एक ५वाय३ रेक्टिफायर, संपलं. पाचेक वॉट. टोनचं बटणसुद्धा नाही, फक्त व्हॉल्यूम. ट्यूब ॲम्प बांधायला सुरुवात करणारे बहुतेक जण इथूनच करतात कारण चुका करायला जागा कमी आहे, असं म्हणतात. मला पुरेशी जागा सापडली.

तर तो बोंबलण्याचा प्रकार. १२एएक्स७ च्या एका काचेत दोन ट्रायोड असतात, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन टप्पे, आणि व्हॉल्यूमचा पॉट (बटणामागचा फिरता रेझिस्टर) त्या दोघांच्या मध्ये बसतो. दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) स्पीकरकडून २२ के, म्हणजे २२ हजार ओहमचा रेझिस्टर परत येतो, हा निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे निघालेल्या आवाजाचा थोडा भाग मागे आणून उलटा लावायचा आणि ॲम्पला जरा शिस्तीत ठेवायचं. पण ट्यूब आणि स्पीकरच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की "उलटा" चा "सुलटा" होतो आणि ॲम्प स्वतःचाच आवाज स्वतःला भरवत बसतो. ही सगळी भानगड व्हॉल्यूमच्या पुढे चालू असते, म्हणून पॉट फिरवून काही होत नाही. मी मात्र तीन तास सोल्डर परत परत मारत होते, ग्राउंड तपासत होते, इनपुट जॅकला शिव्या देत होते. शेवटी वैतागून तो २२ के चा एक पाय उचलला आणि एकदम शांतता. मग ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या, म्हणजे ट्यूबकडच्या बाजूच्या, दोन वायरी अदलाबदल केल्या, रेझिस्टर परत लावला, ॲम्प गुणी बाळासारखा.

एक गोष्ट मध्येच सांगते कारण नंतर राहून जाईल. या डब्यात तीनशेच्या वर व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटर ते धरून बसतात. मी आत हात घालायच्या आधी दरवेळी १० के, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने लावून डिस्चार्ज करते, मग मीटर लावून खरंच शून्याजवळ आलंय का बघते, आणि चालू ॲम्पवर मोजताना डावा हात खिशात. नवीन बिल्ड पहिल्यांदा चालू करताना मेन्सला सिरीजमध्ये ४० वॉटचा साधा फिलामेंटवाला बल्ब. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. आणि स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प वाजवायचा नाही, लोड नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज इतकं उसळतं की तो आतून जळू शकतो. हे ज्याला कंटाळवाणं वाटतं त्याने गिटारचे इफेक्ट पेडल बांधावेत, तिथे ९ व्होल्टची बॅटरी असते.

असो. ॲम्प चालला, आणि दोनच आठवड्यांत हात शिवशिवायला लागले.

पहिला प्रयोग रेक्टिफायरचा. ५वाय३ काढून जीझेड३४ ही दुसरी रेक्टिफायर ट्यूब लावली, पिना जुळतात, फिलामेंटही ५ व्होल्टचंच. जीझेड३४ स्वतः कमी व्होल्टेज खाते म्हणजे पुढे जास्त मिळतं. आवाज थोडा मोठा झाला आणि मी खूश. मग मीटर लावला. आधी ६व्ही६ च्या कॅथोडवर १९ व्होल्ट होते, खाली ४७० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे साधारण ४० मिलिअँपिअर, त्यातले दोनेक स्क्रीनचे (ट्यूबमधल्या एका जाळीचे) सोडले तर ३८. प्लेट (इलेक्ट्रॉन झेलणारा पत्रा) ते कॅथोड ३०६ व्होल्ट. गुणाकार केला की साडेअकरा वॉट होतात, ६व्ही६ ला जुन्या डेटाशीटमध्ये १२ ची मर्यादा दिलेली, म्हणजे काठावर पण आत. जीझेड३४ लावल्यावर तोच हिशोब १५ च्या वर गेला. अंधारात बघितलं तर प्लेटच्या मधोमध फिकट लाल पट्टा. निळी झाक दिसली तर घाबरायचं कारण नसतं, पण प्लेट लाल होणं म्हणजे ट्यूब भाजतेय. गुपचूप ५वाय३ परत लावली.

दुसरा प्रयोग जास्त शिकवून गेला. दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडला २५ मायक्रोफॅरडचा बायपास कपॅसिटर लावला की गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) वाढतो, असं सगळीकडे ऐकलेलं. लावला. बापरे, केवढा फरक! ॲम्प एकदम अंगावर आला, व्हॉल्यूम अर्ध्यावर असतानाच फाटायला लागला, मी वहीत "कमाल कपॅसिटर" असं लिहून ठेवलंय अजून. महिन्याभराने सर्किट पुन्हा बघताना डोक्यात ट्यूब पेटली. फीडबॅक येतो कुठे? त्याच कॅथोडवर. आणि मी तोच कॅथोड सिग्नलसाठी ग्राउंडला बांधून टाकला होता. म्हणजे गेन तर वाढलाच, पण त्याच फटक्यात फीडबॅकही मेला, आणि मी दोन बदलांचं श्रेय एका कपॅसिटरला देऊन मोकळी. मग तो काढला आणि २२ के च्या वाटेत एक स्विच टाकला. स्विच चालू तर आवाज स्वच्छ, आवरलेला. बंद तर मोकाट, मिड्स (मधले सूर) पुढे, नोट सोडल्यावर किंचित गुरगुर. आजवर केलेल्या सगळ्या बदलांत हा स्विच मी सगळ्यात जास्त वापरते आणि तो सगळ्यात स्वस्त होता.

आणि मग कपलिंग कपॅसिटर, एका टप्प्यातला सिग्नल पुढच्याला पोचवणारे. इथे मला लोकांच्या शिव्या खायच्यात बहुतेक. ०.०२२ मायक्रोफॅरडचे साधे पॉलिएस्टरचे काढून त्याच किमतीत दहाबारा साधे आले असते असे भारी फॉइलवाले लावले आणि पहिल्याच कॉर्डला मला "गोडवा" ऐकू आला. नशिबाने बदलायच्या आधी रेकॉर्डिंग केलेलं होतं, लूपरमध्ये (वाजवलेलं साठवून परत वाजवणारं पेडल) एक तुकडा साठवून तोच ॲम्पमध्ये सोडायचा, माइक स्टँड जमिनीवर टेपने खुणा करून जागचा हलवायचा नाही. भावाला सांगितलं, तू मनाला येईल त्या क्रमाने आधीचं आणि नंतरचं रेकॉर्डिंग लाव, मी पाठ फिरवून बसते. वीस वेळा ऐकलं, अकरा बरोबर. नाणं उडवून तेवढेच आले असते. भाऊ काही बोलला नाही, पण चेहरा बोलत होता. व्हॅल्यू बदलली की फरक पडतो हे मात्र खरं. पहिल्या ट्रायोडच्या कॅथोडला २५ च्या जागी ०.६८ मायक्रोफॅरड लावला तेव्हा बास इतका आवरला की पाठ फिरवूनही ओळखता आलं. कपॅसिटरवर छापलेला आकडा ऐकू येतो, छापलेलं नाव मला तरी येत नाही.

खरा धक्का स्पीकरचा. चॅम्पमध्ये ८ इंची असतो. एकदा मित्राचं १२ इंचीचं कॅबिनेट, तेही ४ ओहमचंच, जोडून बघितलं आणि मी अक्षरशः हसायला लागले. तोच ॲम्प, एकही सोल्डर न मारता, दुसराच प्राणी. मार्शलचा जेटीएम४५ हा गिटार ॲम्प आठवा. १९६२ मध्ये लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानातल्या लोकांनी फेंडरच्या बासमन ॲम्पचं ५एफ६-ए सर्किट जवळजवळ जसंच्या तसं उचललं. पण बासमनमध्ये मागून उघड्या डब्यात चार १० इंची, आणि मार्शलने बंद डब्यात सेलेस्टियनचे चार १२ इंची लावले. ट्यूब वगैरेंचाही फरक होता, नाही असं नाही, पण मी दोन वर्षं चेसिसमध्ये डोकं घालून जे शोधत होते त्यातलं बरंचसं डब्याच्या दुसऱ्या टोकाला होतं.

आता वहीत सतरा बदलांची नोंद आहे. त्यातले तेरा उलटे केले. राहिले ते फीडबॅकचा स्विच, ०.६८ वाला, हीटरच्या (ट्यूब तापवणाऱ्या) वायरी नव्याने घट्ट पिळून चेसिसच्या कोपऱ्यातून नेल्या ते (हम निम्म्यावर आला, हे सुरुवातीलाच नीट करायला हवं होतं), आणि एक रेझिस्टर.

त्या रेझिस्टरबद्दल. सध्या ॲम्प पुन्हा टेबलावर उलटा पडलाय. वीसेक मिनिटं तापला की बारीक चरचर सुरू होते, तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी. ट्यूब बदलून झाली, लाकडी काडीने एकेक जॉइंट ठोकून झाला, व्हॉल्यूम कमी केला की चरचर जाते म्हणजे बिघाड पॉटच्या आधी, पहिल्या स्टेजमध्ये. संशय प्लेटच्या १०० के वर आहे. तिथे मेटल फिल्मचा व्यवस्थित शांत रेझिस्टर होता, तो काढून जुन्या पद्धतीचा कार्बन कॉम्पोझिशनचा लावलेला, जे आवाज करण्यासाठीच प्रसिद्ध असतात. वहीत तारीख आहे, आणि पुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय: "व्हिंटेज फील येतो, हा कायम ठेवायचा."