आज एकदाचं जमलं
गेली तीन वर्षं नवीन गिऱ्हाइकाचं डोमेन आलं की माझं काम ठरलेलं. मुख्य नेमसर्व्हरवर (डोमेनच्या नावावरून साइटचा पत्ता सांगणारा सर्व्हर) झोन फाईल, म्हणजे त्या डोमेनच्या नोंदींची फाईल बनवायची, मग दुसऱ्या, म्हणजे दुय्यम नेमसर्व्हरवर लॉगिन करून हातानं तीच नोंद करायची. ती राहिली की साइट अडखळत उघडते, आणि मुख्य सर्व्हर बसला तर साइट गायबच.

आज धरमपेठेतल्या ऑफिसात सकाळपासून बसून बाइंडमध्ये, म्हणजे नेमसर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कॅटलॉग झोन लावला. कॅटलॉग झोन म्हणजे डोमेनांची यादीच, पण तीही झोनच्याच रूपात. मुख्य सर्व्हरवर झोन तयार करून त्याचं नाव यादीत चढवायचं, यादीचा सीरियल (आवृत्तीचा नंबर) वाढवायचा. दुय्यम सर्व्हर यादी ओढून घेतो आणि तो झोन आपणहून उभा करतो. बाइंडमध्ये ही सोय ९.११ आवृत्तीपासून आहे, २०२३ मध्ये तिचा आरएफसी ९४३२ (इंटरनेटच्या तांत्रिक मानकाचा दस्तऐवज) सुद्धा आला. मी इतकी वर्षं हे का केलं नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

दुपारचे तीन तास मात्र गेले. नोटिफाय, म्हणजे यादी बदलल्याची मुख्य सर्व्हरची सूचना, दुय्यमला पोचत होता, यादी येतच नव्हती, लॉगमध्ये नुसता टाइमआउट. मुख्य सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये ५३ नंबरचा पोर्ट फक्त यूडीपीला उघडा होता (यूडीपी आणि टीसीपी हे डेटा पाठवायचे दोन प्रकार). झोन ट्रान्सफर, म्हणजे झोन एका सर्व्हरवरून दुसऱ्यानं ओढून घेणं, तर टीसीपीवर चालतो!

संध्याकाळी काटोलच्या एका संत्रा बागायतदार काकांचं डोमेन चढवलं. रजिस्ट्रारकडे (जिथं डोमेन नोंदवतात ती कंपनी) नेमसर्व्हर आधीच बदलून ठेवले होते. दुय्यम सर्व्हरला डिग मारलं, म्हणजे कमांड देऊन त्या डोमेनबद्दल विचारलं, उत्तर आलं. त्या सर्व्हरला मी हातही लावला नव्हता.

काकांना लगेच फोन केला. म्हणाले, "इतक्यात झालं बाबू? मागच्या खेपेला तर दोन दिवस लागले होते."