पातळ पत्र्यावरचा टाका : गाडीच्या बॉडीसाठी वेल्डिंग शिकताना

गाडीच्या बॉडीचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाड असतो. आतले, भार घेणारे भाग थोडे जाड, पण तेही बहुतेक १ ते २ मिलिमीटरच्या आत. वेल्डिंग शिकायला निघालो तेव्हा हे आकडे मी आधी मनावर घेतले, आणि मशीन कुठलं, सराव कसा, घाई कुठे चालणार नाही, हे सगळं त्यांवरूनच ठरत गेलं. गेट किंवा स्टँड बनवणारे रॉडने एका दमात सरळ शिवण ओढत जातात. जाड लोखंडात उष्णतेला आजूबाजूला पसरायला जागा असते. पातळ पत्र्यात ती जागाच नाही. पोलाद १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, आणि पत्र्याला तिथे पोहोचायला क्षणभर पुरतो. त्यापुढे अर्धा सेकंद जास्त झाला की भोक. भोक नाही पडलं तर पत्रा वाकतो. माझ्या लेखी गाडीच्या बॉडीचं वेल्डिंग शिकणं म्हणजे उष्णता बेताने द्यायला शिकणं.

माझ्या गाडीचा दाराखालचा पट्टा, म्हणजे सिल, आणि त्याला लागलेला तळाचा पत्रा गंजला होता. बाहेरून रंगाला फुगे आले होते आणि स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला की आत जायचा. अशा जागी जाळी आणि लांबी (पुटी) भरून वर रंग मारून देणारे पुष्कळ आहेत. मला ते अजिबात पटत नाही. सिल ही शोभेची पट्टी नव्हे. ती आतून पोकळ पेटी असते, बॉडीचा भार तिच्यावर असतो, जॅकची जागा तिच्यालगत असते आणि बाजूने धडक बसली तर ती आड येते. लांबीने ती गुळगुळीत दिसेल, पण ताकद काडीची येत नाही. म्हणून गंजलेलं कापायचं आणि तिथे पोलादच बसवायचं, असं ठरवलं.

मशीन निवडताना रॉडचं वेल्डिंग आधीच बाजूला काढलं. इतक्या पातळ पत्र्यावर रॉड चालवणारे कसबी हात असतात, पण नवशिक्याने तिथे सुरुवात करू नये. टिगचा, म्हणजे टंगस्टनच्या न वितळणाऱ्या टोकाने करायच्या वेल्डिंगचा, टाका सुंदर आणि मऊ येतो, हातोडीने ठोकूनही बसवता येतो. पण त्याला दोन्ही हात आणि बरेचदा पायही गुंतवावा लागतो, पत्रा आरशासारखा स्वच्छ लागतो, आणि गाडीखाली आडवं होऊन हे सगळं जमवणं कठीण. राहिलं मिग. त्यात वायर आपोआप पुढे सरकते, गनच्या तोंडातून गॅस येतो आणि वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो. एक हात मोकळा राहतो. मी ०.६ मिलिमीटरची वायर आणि आर्गन-कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणाचा गॅस घेतला. नुसत्या कार्बन डायऑक्साइडवरही काम होतं, पण आर्क, म्हणजे वायर आणि पत्रा यांच्यात पेटणारी विजेची ठिणगी, जास्त तापट असतो आणि छर्रे फार उडतात. गॅसशिवाय चालणारी, आत फ्लक्स, म्हणजे गॅसऐवजी धातूला हवेपासून वाचवणारी भुकटी, भरलेली वायरही मिळते. उघड्यावर, वाऱ्यात काम असेल तर ती बरी, पण बॉडीच्या पत्र्याला ती गरम पडते. ती वापरायची तर मशीनच्या आतल्या जोडण्या उलट कराव्या लागतात, कारण गॅसच्या मिगला गन धन टोकाला असते आणि या वायरीला सहसा ऋण टोकाला. हा मुद्दा बरेच जण वाचत नाहीत आणि मग वायरीला दोष देतात.

सराव गाडीवर करायचा नाही, हे मी पक्कं केलं होतं. भंगारातलं एक बॉनेट आणि दाराचे पत्रे आणले, त्यांचे तुकडे कापले. नवा कोरा पत्रा विकत घेऊन शिकण्यापेक्षा हे चांगलं, कारण जाडी गाडीचीच असते आणि रंग, प्रायमर, जस्ताचा थर काढून चकचकीत धातूपर्यंत जायची सवयही लागते. जोडाच्या दोन्ही बाजूंनी बोटभर रुंदीचा पट्टा, पुढून आणि मागून, घासून काढायचा. अर्थिंगचा, म्हणजे वीज मशीनकडे परत नेणारा, चिमटा लागतो ती जागासुद्धा. आर्क फुटफुटतो, थांबतो, पुन्हा पेटतो अशा तक्रारी मी ऐकल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच गोष्टी रंगावर लावलेल्या चिमट्यापाशी सुटतात.

सुरुवातीला मी काही जोडलंच नाही. एकाच पत्र्यावर छोट्या रेघा मारत बसलो आणि कान दिला. व्होल्टेज आणि वायरीचा वेग जुळले की एकसारखा, बारीक तडतड आवाज येतो. वायर जास्त वेगाने येत असेल तर ती पत्र्यावर आपटून गन मागे ढकलते. वेग कमी असेल तर वायर टोकाकडे वितळत मागे येते आणि गनच्या तोंडाशी असलेल्या तांब्याच्या टिपला चिकटते. गॅस मिनिटाला ८ ते १२ लिटर पुरतो. टिपपासून पत्र्यापर्यंत ६ ते १० मिलिमीटर अंतर ठेवायचं. हे अंतर हाताला कळायला वेळ लागतो, म्हणून दुसऱ्या हाताचा आधार मनगटाला द्यायचा, कोपर कुठेतरी टेकवायचं. आणि नजर आर्कच्या उजेडावर ठेवायची नाही. त्याच्या कडेला वितळलेल्या धातूचं छोटं डबकं दिसतं, ते बघायचं. ते डबकं दिसायला लागलं तेव्हा मला खरं वेल्डिंग दिसायला लागलं. आपोआप काळं होणारं हेल्मेट घ्यावं ते याचसाठी. गन जागेवर धरून मग मान हलवायची गरज राहत नाही.

ओळखीच्या एका फॅब्रिकेटरांनी माझे तुकडे तपासून दिले. ते टाका वरून बघतच नसत. तुकडा उलटा करत आणि मागची बाजू दाखवत. एकदा छान गोल, उंच टाका हातात घेऊन म्हणाले, "अहो, हा नुसता वर बसलाय. आत गेलेला नाही." मग तुकडा व्हाइसमध्ये धरला, छिन्नी घातली, आणि टाका पत्र्यावरून अख्खा सुटून आला. ही परीक्षा मी पुढे प्रत्येक बैठकीनंतर घेत राहिलो. चांगला टाका सुटत नाही. त्याच्या कडेचा पत्रा फाटतो आणि टाका जागेवर राहतो. मागून बघितलं तर आतवर पोहोचल्याची बारीक उंचवट्याची खूण दिसते. डोळ्याला देखणा आणि मागून कोरा असा टाका सर्वांत धोक्याचा, कारण त्यावर लगेच रंग चढतो आणि मग तो कोणालाच दिसत नाही.

कारखान्यात बॉडी जोडतात ती मुख्यतः स्पॉट वेल्डने. दोन पत्रे तांब्याच्या दोन टोकांमध्ये दाबून वीज सोडतात आणि मधे धातूचा एक ठिपका वितळून एकजीव होतो. एका गाडीत असे हजारो ठिपके असतात. घरी त्याची जागा प्लग वेल्डने घेता येते. वरच्या पत्र्याला ६ ते ८ मिलिमीटरचं भोक पाडायचं, दोन्ही पत्रे चिमट्याने घट्ट दाबायचे, आणि भोकाच्या मधोमध खालच्या पत्र्यावर आर्क पेटवून गोल फिरत कडेला यायचं. कडेपासून सुरुवात केली तर वरचा पत्रा वितळून भोक भरतं, पण खालच्याला काही धरत नाही. पत्र्यांमध्ये फट असेल तरीही हेच होतं. दोन पत्र्यांच्या मधे, जिथे नंतर ब्रश पोहोचणार नाही, तिथे जस्ताचं वेल्डिंगयोग्य प्रायमर आधी मारायचं आणि नेमक्या टाक्याच्या जागेवरून पुसून घ्यायचं.

टोकाला टोक लावून जोडणं हे सर्वांत कठीण, आणि माझा सर्वांत जास्त सराव त्यातच गेला. दोन कडांमध्ये वायरीच्या जाडीएवढी फट लागते. त्याहून मोठी झाली की भोकं पडायला लागतात. इथे सलग शिवण मारायचीच नाही. शिंपी आधी कच्चे टाके घालून कापड जागेवर बसवतो तसं दोन टोकांना, मग मध्ये, मग त्या मध्यांच्या मध्ये असे टाके घालायचे. एक टाका इथे, दुसरा पार तिकडे. तापलेला धातू गार होताना आकसतो आणि आजूबाजूचा पत्रा ओढतो. सलग मारलं की सगळी ओढ एकाच दिशेने जमते आणि सपाट पत्र्याला लाट येते. मी नियम असा ठेवला की आधीच्या टाक्याशेजारी उघडा तळहात टेकवता आला पाहिजे, मगच पुढचा. पाणी ओतून किंवा ओला कपडा लावून घाई करायची नाही. या थांबण्यात काम लांबतं खरं, पण त्याला पर्याय नाही. तरीही थोडं आकसणं होतंच. ते हातोडी आणि मागून धरलेल्या लोखंडी ठोकळ्याने टाक्यावर ठोकून, म्हणजे धातू पुन्हा किंचित पसरवून, सरळ करता येतं. मागे तांब्याची पट्टी धरली तर आणखी सोपं जातं. टाका तांब्याला चिकटत नाही आणि उष्णताही ती ओढून घेते.

मग गाडीवर आलो, आणि लक्षात आलं की वेल्डिंग हा या कामाचा लहान हिस्सा आहे. आधी बॅटरी सोडवायची आणि एअरबॅगबद्दल गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत लिहिलेला वेळ थांबायचं. सीट, गालिचा, त्याखालचा फोम, वायरिंगचा जुडगा, सगळं काढायचं. इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या कुठून जातात ते पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी बघायचं. टाकी जवळ असेल तर ती उतरवायची, नुसती झाकून चालत नाही. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावायचा, म्हणजे वीज बेअरिंगमधून किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या वाटेने फिरणार नाही.

धुराचं मी फार गांभीर्याने घेतलं. जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे पोलाद वितळायच्या खूप आधी. त्याचा पांढरा धूर श्वासात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. दूध प्यायल्याने तो टळतो ही समजूत खोटी आहे. जस्त घासून काढणं, हवा खेळती ठेवणं आणि योग्य मास्क हाच उपाय. त्याहून वाईट म्हणजे क्लोरीन असलेलं ब्रेक क्लीनर. आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्याच्या वाफेतून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. पत्रा पुसायला ते वापरायचंच नाही. डोळ्यांचंही तसंच. उघड्या डोळ्यांनी आर्क बघितला तर त्या वेळी काही होत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. शेजारी उभ्या माणसालाही तोच धोका. आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवायचं आणि काम संपल्यावर निदान अर्धा-पाऊण तास गाडी सोडून जायचं नाही. पोकळ पेटीत पडलेली ठिणगी उशिरा पेट घेते.

सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी नळी टाके घालून बसवली, कारण पेटी कापली की बॉडी खचू शकते आणि मग दार लागत नाही. कापणं थोडं थोडं केलं. गंज बाहेर दिसतो त्यापेक्षा आत नेहमी जास्त असतो. पत्रा पूर्ण जाडीचा आणि चकचकीत लागेपर्यंत मागे जावं लागतं. कागदी पुठ्ठ्याचा साचा कापून, बसवून, पुन्हा छाटून, मगच पत्रा कापला. ठिगळाचे कोपरे गोल ठेवले. टोकदार कोपऱ्यात उष्णता आणि ताण दोन्ही जमतात. माझा सर्वाधिक वेळ या मापात गेला, आणि तो तिथेच जावा असं मला ठामपणे वाटतं. फट सगळीकडे सारखी असेल तर टाके घालणं जवळजवळ सोपं होतं.

तळाचा पत्रा खालून, डोक्यावर हात धरून जोडावा लागला. वितळलेला धातू खाली ओघळेल अशी भीती वाटते, पण टाका छोटा आणि थोडक्यात संपवला तर तो स्वतःच्या पृष्ठताणाने जागेवर राहतो. ठिणग्या मात्र अंगावर येतातच. चामड्याचं जाकीट, बंद गळा, कानांतही बोळे. कृत्रिम धाग्याचे कपडे अजिबात नकोत, ते वितळून कातडीला चिकटतात.

काही भागांना मी हात लावणार नाही. दोन दारांमधला खांब बऱ्याच नव्या गाड्यांत बोरॉनच्या अतिकठीण पोलादाचा असतो. ते पोलाद तापवून, साच्यात झटकन गार करून कठीण केलेलं असतं, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने नेमकी तीच ताकद जाते. कुठला भाग कशाचा आहे आणि कुठे कापायची परवानगी आहे हे कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेत असतं. ती मिळत नसेल तर तो भाग जाणकाराकडेच द्यावा.

टाके सपाट करायला फ्लॅप डिस्क, म्हणजे ग्राइंडरला लावायची पॉलिशपेपरच्या पट्ट्यांची चकती, वापरली, तीही थांबत थांबत, कारण ग्राइंडरची उष्णताही पत्रा वाकवते आणि शेजारचा मूळ पत्रा नकळत पातळ होतो. मग इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलर, त्यावर रंग. सिलच्या पोकळीत लांब नळीने मेण फवारलं आणि पाणी जायची खालची भोकं मोकळी राहिली आहेत ना ते तारेने तपासलं. मेण सगळ्यात शेवटी, आणि आसपास आणखी वेल्डिंग उरलेलं नाही याची खात्री करूनच मारायचं, कारण ते पेटतं.