गोदी-३ अपडेट: उखळी अखेर चालली

डूम या शूटर खेळाच्या इंजिनावर आम्ही बनवत असलेल्या गोदी-३ या नकाशातली लढाई काल पहिल्यांदा दाराच्या आतल्या बाजूला झाली. इतके दिवस ती चौकटीतच अडकली होती.

प्रकार तुम्हाला ठाऊक आहेच. खेळाडू दार उघडतो, एक गोळी झाडतो, आवाज सेक्टरमागून सेक्टर (नकाशाचे तुकडे) पसरतो आणि आतले सगळे जागे होतात. खेळाडू दोन पावलं मागे येऊन भिंतीच्या कडेला उभा राहतो. १९९३ च्या डूमपासून चालत आलेला ए_चेस (शत्रूला खेळाडूमागे चालवणारं फंक्शन) आठ दिशांपैकी एक धरून पुढे सरकतो, म्हणून सगळी गर्दी दारातच कोंबली जाते. मग आमच्या शत्रूंपैकी खेकडा काय, पहारेकरी काय आणि झुंड काय, तिघेही शॉटगनपुढे सारखेच. इतके स्प्राइट (शत्रूंची चित्रं) घासूनपुसून केले आणि खेळणाऱ्याला त्यांच्यातला फरक कळायचीच सोय नाही.

माझं ठाम मत आहे की शत्रूचं वेगळेपण हेल्थच्या आकड्यात नसतं. तो समोर आल्यावर खेळाडूचे पाय कुठे वळतात, त्यात असतं. १९९४ च्या डूम २ मधला रेव्हेनंट पाठलाग करणारं क्षेपणास्त्र सोडतो, की तुम्ही धावायला लागता. आर्च-व्हाइलच्या नजरेतून सुटायला आडोसा घ्यावा लागतो, पण तो मेलेले उठवत असल्यामुळे तिथे बसून राहणंही परवडत नाही. एकच शत्रू दोन्हीकडे ओढतो! आमचे तिघे मात्र खेळाडूला एकाच दिशेला ढकलत होते: मागे.

म्हणून उखळी. खेळाडू एकाच जागी ठाण मांडून बसला की त्या जागेवर ग्रेनेड टाकणारा, संथ, मागे उभा राहणारा शत्रू. कल्पना सरळ होती, पण पहिल्याच चाचणीत ग्रेनेड दारातल्या गर्दीत फुटला, खेकडे उखळीवर उलटले आणि खेळाडू कोपऱ्यातून मजा बघत बसला. इन्फायटिंग (शत्रूंनी आपसात लढणं) ही डूमची जान आहे, पण इथे तिने कोपरा आणखीच सुरक्षित करून टाकला.

'मग नोटार्गेट लाव की, आर्च-व्हाइलला असतं तसं,' असं तुमच्यातले बरेच जण म्हणतील. तो फ्लॅग (शत्रूला लावायचा गुणधर्म) लावून पाहिला. मग उखळीवर कुणीच उलटत नाही, तिच्या जवळच्या मारासाठी दिलेल्या बंदुकीनेही. चलाख खेळाडूने ती गोळी चुकवून खेकड्याला लागू द्यावी आणि दोघांची जुंपावी, हे मला हवंच आहे. माफी फक्त ग्रेनेडला हवी होती.

उत्तर झेडस्क्रिप्टच्या (इंजिनाच्या स्क्रिप्ट भाषेच्या) एका ओळीत निघालं. स्फोटाचा दोष कुणाच्या माथी जाणार हे ग्रेनेडच्या टार्गेट पॉइंटरवरून (तो कुणी सोडला याच्या नोंदीवरून) ठरतं. फुटण्याच्या फ्रेममध्ये, ए_एक्स्प्लोड या स्फोट घडवणाऱ्या फंक्शनच्या आधी, तो पॉइंटर नल (रिकामा) केला. स्फोट बेवारस झाला! खेकड्यांना इजा होते, पण राग धरायला कुणी सापडत नाही. मात्र हे उडतानाच करू नका. मालक नसलेला ग्रेनेड निघतानिघताच सोडणाऱ्याला आदळतो.

दुसरी अडचण कॉरिडॉरच्या छताची. ते इतकं ठेंगणं आहे की उंच फेकलेला ग्रेनेड वरच आपटायचा. आता तो जमिनीवरून घरंगळत येतो (बाउन्सटाइप ग्रेनेड या सेटिंगने), चौकटीला टेकून वळतो आणि फुटण्याआधी दीड सेकंद लाल लुकलुकतो. केव्हा टाकायचा हे नशिबावर ठेवलेलं नाही. खेळाडू एकाच जागेभोवती १२८ युनिटांच्या (नकाशातल्या अंतराच्या) आत सलग १०५ टिक, म्हणजे तीन सेकंद, रेंगाळला तरच. हलला की मोजणी शून्यापासून.

आणि या आठवड्यातली खरी मेजवानी: आवाज. विकत घेतलेला साउंड पॅक निरुपयोगी निघाला, एक फाइल कानठळ्या बसवणारी तर दुसरी ऐकूच येत नाही. म्हणून मामेभावाकडून ओळी वदवून घेतल्या, ऑडॅसिटीत रेडिओची खरखर चढवली आणि ग्रेनेड टाकण्याआधी उखळीच्या तोंडी घातलं, 'कोपऱ्यात आहे, कोपऱ्यात!' चाचणीला बसलेला मित्र ते ऐकून ग्रेनेड सुटायच्या आतच कोपरा सोडून पळाला, आणि पळाला तो थेट आत! २००५ च्या फिअर या खेळातले सैनिक एकमेकांना ओरडून सांगतात, म्हणून ते हुशार वाटतात. तीच किमया आपल्या दारात, आपल्या भाषेत घडताना बघून अंगावर काटा आला.

खरं तर पुढचं काम स्फोटाचं डॅमेज वाढवण्याचं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की उलट करावं. आरोळीनेच पाय हलत असतील तर ग्रेनेड जीवघेणा कशाला हवा? डॅमेज निम्म्यावर आणतो आणि आरोळी सगळ्यांना वाटून देतो. झुंडीने 'मागून चला' म्हटलं की तिने खरंच बाजूच्या डक्टमधून यायचं. त्यासाठी गोदीला दुसरी वाट हवी, म्हणजे नकाशा पुन्हा उघडणं आलं. नकाशे बनवायच्या अल्टिमेट डूम बिल्डरच्या व्हिज्युअल मोडमध्ये हे काम इतकं सुखाचं आहे की त्याची तक्रार नाही.

पहारेकऱ्याचं शिल्ड मात्र आता लांबणीवर. २००१ च्या हेलो या खेळातला एलिट (म्होरक्या शत्रू) पडला की ग्रंट (त्याचे शिपाई) सैरावैरा पळतात, तसं काही पहारेकरी आणि झुंडीत जमवता आलं तर शिल्डची गरजच उरणार नाही. फ्रायटन्ड फ्लॅग (शत्रूला खेळाडूपासून पळवणारा) काही सेकंदांपुरता लावून आधी ते बघतो. झुंड ठेंगण्या कॉरिडॉरमध्ये पळताना भिंतीत अडकू नये यावर कुणाकडे तोडगा असेल तर जरूर सांगा.