बँक सोडून वर्गात का आलात?

मध्यवर्ती बँकेच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून मी शिकवायला का आले, हे विद्यार्थी दर वर्षी विचारतात. निर्णय तिथे होतात आणि इथे नुसती चर्चा, असं त्यांना वाटतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

पतधोरणाच्या, म्हणजे व्याजदर ठरवण्याच्या, बैठकीआधी आम्ही टिपणं तयार करायचो. त्यात सगळ्यात अवघड आकडा एकच: अर्थव्यवस्था आपल्या कुवतीच्या किती वर किंवा खाली चालली आहे? तो मोजता येत नाही, अंदाजावा लागतो. ज्या उत्पन्नाच्या आकड्यांवरून अंदाजायचा, ते आकडेही पुढे वर्षानुवर्षं सुधारले जातात. बैठक मात्र ठरल्या दिवशीच होते. व्याजदराचा महागाईवर पुरता परिणाम व्हायला वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं, त्यामुळे चूक झाली तर कळतेही उशिरा.

मी शिकत होते तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. व्याजदर ठरवायचं, अर्थतज्ज्ञ जॉन टेलर यांचं १९९३ चं सूत्र आम्ही वहीत सोडवायचो: महागाई इतकी, कुवतीपासूनची तफावत इतकी, म्हणून व्याजदर इतका. आकडे मात्र सगळे सुधारून झालेले.

बँकेत असताना अर्थतज्ज्ञ अथानासिओस ऑर्फनाइड्स यांचे लेख हाती आले आणि मी हललेच. १९७० च्या दशकात फेडरल रिझर्व्हसमोर (फेड, अमेरिकेची मध्यवर्ती बँक) त्या त्या वेळी जे आकडे होते, तेच त्यांनी वापरले होते. अर्थव्यवस्था प्रत्यक्षात होती त्याहून खूपच मंदावली आहे, असं तेव्हाच्या धोरणकर्त्यांना वाटत होतं. टेलर यांच्या सूत्रात ते आकडे घातले असते, तरी महागाई आवरली नसती, असं ऑर्फनाइड्स यांचं म्हणणं. हे त्यांनी फेडमध्ये नोकरी करतानाच लिहिलं. पुढे २००७ ते २०१२ ते सायप्रसच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर होते, नंतर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात शिकवायला गेले.

हे विद्यार्थ्यांपर्यंत नोकरी लागण्याआधीच पोचायला हवं, म्हणून मी आले. जुन्या एखाद्या बैठकीच्या दिवशी उपलब्ध होते तेवढेच आकडे मी वर्गात वाटते. तासाभरात व्याजदर ठरवायचा, कारण लिहून द्यायचं. सुधारित आकडे पंधरा दिवसांनी देते. गेल्या खेपेला एका मुलीने आपला कागद परत मागितला, निर्णय बदलायला. मी दिला नाही. मग तिने शांतपणे विचारलं, "त्या दिवशी तिथे बसलेल्यांना हे कसं कळणार होतं?" तो तास संपल्यावरही कुणी उठलं नाही.