उभ्या अक्षावर काय आहे?

नववीत आम्हाला विज्ञान शिकवणारे सर गतीचा धडा सुरू झाला की फळ्याचा डावा अर्धा भाग आलेखासाठी राखून ठेवत आणि समीकरणे उजवीकडे, तीही उशिरा, लिहीत. आम्हाला घाई सूत्रांची असे. सरांचे पहिले उदाहरण एसटीचे होते: थांब्यावरून निघालेली गाडी 10 सेकंदांत एकसमान त्वरणाने 15 मीटर प्रति सेकंद वेग घेते, 40 सेकंद त्याच वेगाने धावते आणि पुढच्या 20 सेकंदांत एकसारखा वेग कमी करत थांबते, तर ती किती अंतर गेली? सूत्रांनी हे गणित तीन तुकड्यांत सोडवावे लागते. सरांनी वेग-काल आलेखावर उमटलेला समलंब चौकोन दाखवला, 70 आणि 40 या समांतर बाजूंच्या बेरजेची निम्मी 55 घेऊन तिला 15 ने गुणले आणि 825 मीटर हे उत्तर एका ओळीत काढले. भूमितीच्या तासाला पाठ केलेले क्षेत्रफळ इथे अंतर होऊन बसले, याचे मला आजही नवल वाटते. (निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानाने 14व्या शतकात, गॅलिलिओच्या कितीतरी आधी, हीच युक्ती वापरली होती, हे पुष्कळ उशिरा कळले.)

माझी फजिती दुसऱ्या उदाहरणात झाली. उभ्या एसटीला 10 मीटर प्रति सेकंद वेगाने जाणारी स्कूटर ज्या क्षणी ओलांडते, त्याच क्षणी एसटी 2 मी/से² त्वरणाने निघते. ती स्कूटरला कधी गाठेल? मी फळ्यावर दोन्ही रेषा नीटस काढल्या, त्या 5व्या सेकंदाला छेदतात हे पाहिले आणि तेच उत्तर ठणकावून सांगितले. सर रागावले नाहीत, "उभ्या अक्षावर काय आहे?" एवढेच त्यांनी विचारले. तिथे वेग होता. त्या बिंदूत दोघांचे वेग सारखे झाले होते, जागा नव्हे. उलट दोन रेषांमधला त्रिकोण सांगत होता की एसटी तेव्हा 25 मीटर, म्हणजे सर्वांत जास्त, मागे आहे. तेवढ्याच क्षेत्रफळाचा त्रिकोण छेदनबिंदूच्या उजवीकडे 10व्या सेकंदाला पुरा होतो, आणि तेव्हा दोघेही थांब्यापासून 100 मीटरवर असतात.

पुढे मी रेल्वेत सेक्शन कंट्रोलर, म्हणजे मार्गाच्या एका टप्प्यावरच्या गाड्यांची ये-जा ठरवणारा, झालो. आता संगणकाच्या पडद्यावर उमटणारा चार्ट तेव्हा आम्ही पेन्सिलीने काढत असू: आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर ओळीने स्टेशने आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेषा. रेषा जितकी उभट तितकी गाडी वेगवान. रेषा आडवी झाली की गाडी उभी. इथे मात्र समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांच्या रेषांचा छेद म्हणजे खरोखरची भेट, आणि एकेरी मार्गावर, म्हणजे जाण्या-येण्याला मिळून रुळांची एकच जोडी असते तिथे, ती दोन स्टेशनांच्या मध्ये होऊन मुळीच चालत नाही. म्हणून रेषा आधीच पुढे वाढवून पाहायच्या, छेद अधेमध्ये पडत असेल तर एका गाडीची रेषा अलीकडच्या स्टेशनावर आडवी करायची आणि समोरची रेषा तिथे येऊन मिळाली, म्हणजे क्रॉसिंग झाले, की मगच ती पुन्हा तिरकी होऊ द्यायची.

निवृत्तीनंतर सर एकदा माझ्या घरी आले असता मी त्यांना हे सारे कागदावर काढून दाखवले. त्यांनी चष्मा वर सरकवून रेषांवरून बोट फिरवले आणि एका आडव्या तुकड्यावर थांबून विचारले, "हिला इथे वीस मिनिटे का ठेवलीस? पुढच्याच स्टेशनावर क्रॉसिंग घेतले असते, तर दहा मिनिटांत सुटली असती." मी रेषा पुन्हा काढून पाहिली. सरांचे बरोबर होते.