इंजेक्शन भरलेलं होतं

आमच्या सेंटरला यलो फीवरची (डासांमुळे पसरणारा पीतज्वर) लस आठवड्यातून ठराविक वारीच मिळते, आणि लोक त्यावरून आमच्याशी भांडतात. रोज का देत नाही, आम्ही लांबून आलोय, तिकीट काढलंय वगैरे. कारण साधं आहे, एका बाटलीत बरेच डोस असतात, पावडर असते ती, पाणी घालून एकदा तयार केली की सहा तासांत संपवायची नाहीतर फेकायची. म्हणून माणसं गोळा झाली की मगच बाटली फोडतो. मी पुण्यात एका सरकारी हॉस्पिटलमध्ये हे काम बघते, बरीच वर्षं झाली. येणारे बहुतेक जहाजावर जाणारे पोरं, आफ्रिकेत कंपनीच्या कामाला निघालेले इंजिनियर, अधूनमधून मसाईमाराला सफारीला निघालेली मंडळी. दहा मिनिटांचं काम, फॉर्म, इंजेक्शन, अर्धा तास बाहेर बसा, पिवळं पुस्तक (हेच लसीचं सर्टिफिकेट) घ्या आणि जा.

त्या बुधवारी मात्र एक अख्खं कुटुंब आलं. नवरा-बायको तिशीतले, साडेचार वर्षांची मुलगी, कडेवर बाळ, आणि मागे नऊवारीतल्या आजी, गळ्यात तुळशीची माळ, हातात बाळाच्या कपड्यांची पिशवी. पासपोर्ट समोर ठेवले तर चारही मरून रंगाचे. आपले नेहमीचे निळे असतात, सरकारी कामाचे पांढरे, आणि मरून म्हणजे डिप्लोमॅटिक. मी नवऱ्याकडे बघून विचारलं, कुठे पोस्टिंग साहेब? तर तो हसून म्हणाला, पोस्टिंग हिचं आहे मॅडम, मी सोबत चाललोय. ती फॉरेन सर्व्हिसमध्ये, दिल्लीत मंत्रालयात काही वर्षं काढून आता घानाला चालली होती, आक्रा, तिथल्या आपल्या हायकमिशनमध्ये. (कॉमनवेल्थमधला देश असला की एम्बसी नाही म्हणायचं, हायकमिशन म्हणायचं, हे मला तिनेच सांगितलं.) तो कॉलेजात शिकवायचा, राजीनामा देऊन आला होता. दिल्लीचं घर अर्धं खोक्यांत भरून झालेलं, जड सामान जहाजाने जाणार, आणि निघायच्या आधी चार दिवस साताऱ्याजवळच्या गावी आईकडे आणि तिथून पुण्याला लसीला. निघायला एकोणचाळीस दिवस उरले होते, तिने तोंडपाठ आकडा सांगितला.

घानाचं कसं आहे, नऊ महिन्यांच्या वरच्या प्रत्येकाला यलो फीवरचं सर्टिफिकेट लागतं, त्याशिवाय विमानतळावर अडवतात. आणि परत येताना आपलंही सरकार मागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लोकांना वाटतं हा कागदी छळ आहे. पण हा आजार आपल्या देशात अजून आलेला नाही आणि तो पसरवणारा एडिस डास मात्र आपल्याकडे गल्लोगल्ली आहे, डेंग्यू-चिकनगुनियावाला तोच. एक आजारी माणूस आला आणि डास चावला तर पुढे काय होईल याचा विचार करून मला खरंच भीती वाटते, म्हणून मी त्या पिवळ्या पुस्तकाच्या बाबतीत कडक आहे.

तर पहिला घोळ बाळाचा निघाला. आठ महिने बारा दिवस. नऊ महिने पूर्ण झाल्याशिवाय ही लस आम्ही देत नाही, जिवंत विषाणूची लस आहे, लहान बाळाच्या मेंदूला त्रास व्हायची शक्यता असते. ठीक आहे, बाळाला अठरा दिवसांनी आणा म्हटलं. मग बाळाकडे बघून आईला विचारलं, अंगावर पाजता का? ती म्हणाली हो, मुख्यतः तेच चालू आहे. म्हटलं मग तुम्हालाही आज देता येणार नाही. तिचा चेहरा पडला. तिला वाटत होतं बाळाचं राहिलं तरी स्वतःचं तरी आज उरकेल. मी समजावलं की 2009 साली ब्राझीलमध्ये एका बाळंतिणीला ही लस दिली आणि दुधावाटे विषाणू तान्ह्या बाळापर्यंत पोचला, त्याला झटके आले, मेंदूला सूज आली. ते बाळ बरं झालं. पण त्यानंतर जगभर नऊ महिन्यांच्या आतलं बाळ पाजणाऱ्या आईबाबत सावध राहायचं ठरलंय. तुमचं थोडं थांबलं तर काही बिघडत नाही ना, मग थांबू.

तिने लगेच फोनमध्ये कॅलेंडर उघडलं. बाळाचे नऊ महिने भरले की त्याची गोवर-रुबेलाची पहिली लसही येते, तीही जिवंत विषाणूची. अशा दोन लसी एकतर एकाच दिवशी द्यायच्या नाहीतर मध्ये चार आठवडे सोडायचे. चार आठवडे सोडले तर विमान गेलं. म्हणून ठरवलं, नऊ महिने भरतील त्या दिवशी दोन्ही, वेगवेगळ्या मांडीत, आणि त्याच दिवशी आईलाही. सर्टिफिकेट लस दिल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं, तरी अकरा दिवस हातात राहत होते. तिने मोजलं, मी मोजलं, सिस्टरनी मोजलं, तिघींचं जुळलं तेव्हा ती जरा सैल झाली.

मग नवऱ्याचं इंजेक्शन झालं आणि राहिली मोठी मुलगी. ती खुर्चीत बसून मरून पासपोर्ट उघडून आपला फोटो दाखवत होती सगळ्यांना. फॉर्म आईने भरला होता, सगळीकडे 'नाही'. ताप नाही, औषध चालू नाही, अ‍ॅलर्जी नाही. मी नेहमीप्रमाणे तोंडीही विचारलं, अंडं खाते का? आई म्हणाली, आमच्याकडे नाही खात, घरात माळ आहे, केकसुद्धा आम्ही बिनअंड्याचाच आणतो. आता इथे मी खरं तर थांबायला हवं होतं, कारण खात नाही म्हणजे चालतं की नाही हेच माहीत नाही. पण बाहेर वीसेक माणसं होती, बाटली फोडून दोन तास झालेले, पोरगी कधी नव्हे ती शांत बसलेली. मी पुढे गेले. सिस्टरनी अर्धा एमएल भरून माझ्या हातात दिलं, मी दंडावर कापूस फिरवला.

आणि मागून आजींचा आवाज आला. "आवं बाई, जरा थांबा."

सगळे वळले. आजी दाराशी उभ्या, पिशवी छातीशी धरलेली. "तिला अंडं सोसत न्हाई."

सून म्हणाली, आई, तिने कधी खाल्लंच नाहीये. तर आजी म्हणाल्या, "खाल्लंय. दोनदा."

मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. हात गार पडला होता माझा, हे आत्ता लिहितानाही जाणवतंय. मुलीला सिस्टरकडे दिलं आणि आजींना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत, उभ्यानेच बोलल्या. मागच्या मे महिन्यात नात महिनाभर गावी होती, आई दिल्लीत, पोटात हे बाळ. शेजारच्या पोरांसोबत तिने अर्धी पोळी-आमलेट खाल्लं, तर अंगभर गांधी उठल्या. आजींना वाटलं उन्हाने असेल. आठ दिवसांनी त्याच घरी वाढदिवस, केक खाल्ला आणि "त्वांड सुजलं, व्हट असे झाले, श्वास लागला हो पोरीला, शीळ वाजल्यागत." गावातल्या डॉक्टरने दोन इंजेक्शनं दिली, रात्रभर तिथेच ठेवलं. आणि हे आजींनी कुणालाच सांगितलं नव्हतं. माळकऱ्याच्या घरातल्या पोरीने अंडं खाल्लं ही एक गोष्ट, आणि दुसरी त्या खाली बघून म्हणाल्या, "म्हटलं सांगितलं तर पुन्हा माझ्याकडं धाडायचे न्हाईत."

खोलीत कुणी बोललं नाही. मुलाने एकदम "आई, अगं..." म्हणून तोंड उघडलं, आवाज चढलेला होता, पण सुनेने त्याच्या हातावर हात ठेवला. मग ती उठली, सासूबाईंच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, आई, बसा आधी. एवढंच. मला तिचं फार वाटलं त्या क्षणी, कारण तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तरी पहिलं काम तिने ते केलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. मॅक्स थायलर या शास्त्रज्ञाने 1937 मध्ये न्यूयॉर्कला लसीतला हा कमजोर केलेला 17डी विषाणू तयार केला, 1951 ला त्याला नोबेल मिळालं, आणि आजही जगभर त्याच वंशाचा विषाणू अंड्यातल्या गर्भात वाढवून लस बनते. त्यामुळे लसीत अंड्याची प्रथिनं उतरतात. नुसतं अंगावर पुरळ येणं वेगळं, पण ओठ सुजून श्वास लागणं म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस, जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी. अशा मुलीला आमच्या छोट्या खोलीत मी पूर्ण डोस टोचला असता. त्यावरचं औषध अ‍ॅड्रिनलिन ट्रेमध्ये असतं आमच्याकडे, ऑक्सिजन आहे, पण तरीही.

बापाने मग तोच प्रश्न विचारला जो कुणीही विचारेल, की लस नको देऊ, सूट मिळते असं ऐकलंय. मिळते. वैद्यकीय कारणाने लस देता येत नाही असं पत्र देता येतं, पिवळ्या पुस्तकात त्यासाठी जागाच आहे, मग तो देश ते मान्य करतो की नाही हा पुढचा भाग. पण मी त्यांना स्पष्ट सांगितलं की पत्राने विमानतळ पार होईल, डास पत्र वाचत नाही. ही मंडळी चार दिवस फिरायला चालली नव्हती, तीन वर्षं राहणार होती. आणि एडिस दिवसा चावतो, म्हणजे रात्रीची मच्छरदाणी लावून निम्मंही काम होत नाही (मलेरियासाठी ती लागतेच तिकडे, ते वेगळं). शाळेत जाणारी पोरगी, खेळणारी, तिला तीन वर्षं पूर्ण बाह्यांच्या कपड्यांत आणि क्रीम चोळून किती सांभाळणार?

मी आमच्या बालरोग विभागात फोन लावला, तिथून एका अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांशी बोलणं झालं. त्या दिवशी पाच माणसं लस घ्यायला आली असं मला वाटलं होतं (आजींनाही मी मोजलं होतं), आणि लस घेऊन गेला एकटा बाप. पिवळं पुस्तक हातात धरून तो बाकावर अर्धा तास बसला होता आणि शेजारी आजी. बराच वेळ गप्प होता. जाताना दिसलं तेव्हा आईची चप्पल सापडत नव्हती ती तो बाकाखाली वाकून शोधत होता.

पुढचं थोडक्यात. मुलीची अंड्याची टेस्ट पॉझिटिव्ह आली. मग लसीचाच पातळ केलेला थेंब टोचून बघितला, तिथेही गांधी आली. म्हणजे एका वेळी पूर्ण डोस शक्य नव्हता. पण अशा मुलांना थोडी थोडी करून लस देण्याची पद्धत आहे, मुलांच्या आयसीयूला लागून असलेल्या खोलीत, सलाईन लावून ठेवून. आईवडिलांनी दोन दिवस विचार केला. तिने मला फोन करून सरळ विचारलं, तुमची मुलगी असती तर? म्हटलं जायचं नक्की असेल तर दिली असती, आणि याच पद्धतीने, आणि मी स्वतः तिथे बसले असते. म्हणून मग सुट्टी टाकून बसलेच.

पहिल्यांदा दहापट पातळ केलेल्या लसीचे 0.05 एमएल. वीस मिनिटं थांबलो. मग न पातळ केलेली 0.05. पुन्हा वीस मिनिटं. मग 0.10, मग 0.15, मग 0.20. सांगायला पाच ओळी आहेत, पण त्या खोलीतली वीस मिनिटं म्हणजे काय ते आईवडिलांच्या तोंडाकडे बघून कळत होतं. तिसऱ्यानंतर दंडावर लाल चकंदळ उठलं, डॉक्टरांनी थांबून छाती ऐकली, अर्धा तास जास्त थांबलो, ते वाढलं नाही. आई बाळाला घेऊन खिडकीपाशी येरझाऱ्या घालत होती, तिच्या ऑफिसचे फोन येत होते, तिने कापून टाकले सगळे. आजी मुलीच्या पायाशी बसून हळू आवाजात हरिपाठ म्हणत होत्या आणि मुलगी मध्येच त्यांना चुका काढून दाखवत होती, कारण तो तिला मे महिन्यातच पाठ झालेला.

शेवटचा डोस झाला, दोन तास लक्ष ठेवलं, काही झालं नाही. मी पिवळ्या पुस्तकात तारीख घातली, शिक्का मारला. आता ते आयुष्यभर चालतं, जुलै 2016 पासून. आधी दर दहा वर्षांनी पुन्हा घ्यावी लागायची. आईला म्हटलं, हिला पुन्हा यातून जायला लागणार नाही. तेव्हा ती पहिल्यांदा रडली, मोठ्याने.

आवरून निघताना आजी मागे राहिल्या. इकडेतिकडे बघून मला म्हणाल्या, "बाई, आन माझं? मला बी द्या की. पोरगा म्हणतोय वर्साभरानं मला न्यायचं तिकडं."

वय विचारलं. अडुसष्ट. साठीच्या पुढे ही लस पहिल्यांदाच घेतली तर गंभीर त्रासाचं प्रमाण वाढतं, क्वचित होतो पण होतो, लिव्हर-किडनीपर्यंत जातो. मी त्यांना लपवलं नाही, सगळं सांगितलं. बीपीच्या गोळ्या चालू होत्या, बाकी तब्येत चांगली. म्हटलं आज नको, जायचं खरंच ठरेल तेव्हा या, तपासून बघू, मुलगा-सून सोबत असू देत.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तवर तीच येतील सुट्टीला. पोरगी म्हणालीय, आज्जी मे म्हैन्यात तुझ्याकडंच." आणि पिशवी उचलून लिफ्टकडे गेल्या, सून लिफ्टचं दार धरून उभी होती.